अत्याचाराच्या बातमीतून मुलाचं नाव गाळलं, की झालं का?

तालुक्याचे वार्ताहर म्हणून तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. तुमच्या तालुक्यात ९ वर्षांच्या मुलीवर चुलत्यानेच अत्याचार केल्याची फिर्याद दाखल झाली. तुम्ही मुलीचं नाव न देता बातमी पाठवलीत, तर डेस्कवरून, म्हणजे कार्यालयात बातम्या तपासून पानं लावणाऱ्यांकडून, फोन आला, ‘तपशील कुठे आहेत?’ दुसऱ्या दिवशी शेजारच्या पेपरने गाव, शाळा, इयत्ता, सगळं छापलं होतं. हे पहिलं. दुसरं असं, की त्याच भागात ७ वर्षांच्या एका मुलाला त्याची आजी दिवसभर गोठ्यात दाव्याने बांधून ठेवते. आई-वडील ऊसतोडीला गेलेत. कुणीतरी काढलेला व्हिडिओ तुमच्या मोबाइलवर आहे, पोलिसांत मात्र कसलीच नोंद नाही. पहिल्या बातमीत लिहू तरी काय आणि दुसरी लावू का, असं तुम्ही विचारता.

मी २६ वर्षं मराठी दैनिकांत काम केलं. आधी जिल्ह्यात बातमीदार होते, नंतर जिल्हा पानांच्या डेस्कवर. दोन्ही टोकांचा दाब मला माहीत आहे, म्हणून थोडं लांबून सांगते.

तुम्ही ‘नाव छापायचं की नाही’ इथे अडला आहात, पण तो प्रश्न कायद्याने कधीच सोडवलाय. अडचण पुढे सुरू होते. नाव गाळलेली बातमी गावच्या पारावर कुणी मोठ्याने वाचली, तर ऐकणारा ‘अरे, ही तर अमक्याची पोर’ असं म्हणेल का? माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षी मी अशी एक बातमी लिहिली होती. नाव नव्हतं. गाव होतं, वस्ती होती, मुलीची इयत्ता होती, आणि वडील पिठाच्या गिरणीवर कामाला आहेत हेही होतं. त्या गावात गिरणी एकच होती. सहा महिन्यांनी निवडणुकीच्या निमित्ताने तिथे गेले, तेव्हा शाळेतल्या बाईंनी सांगितलं की पेपर आला त्या दिवसापासून मुलगी शाळेत आलेली नाही. पारावर बातमी मोठ्याने वाचली गेली होती. पुढे ते कुटुंब गाव सोडून गेलं. माझ्या बातमीत एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरीही त्या मुलीची शाळा माझ्या बातमीमुळे सुटली. तेव्हापासून प्रत्येक कॉपीला, म्हणजे लिहिलेल्या बातमीला, मी पारावरच्या वाचनाची कसोटी लावते.

कसोटी आणखी कडक करायची असेल तर एसटी स्टँडवरचं सलून डोळ्यांसमोर आणा. तिथे चार पेपर एकत्र पडलेले असतात. एकाने गाव दिलं, दुसऱ्याने इयत्ता, तिसऱ्याने आरोपीचं नाव, चौथ्याने नातं. चारही संपादक म्हणतील, आम्ही ओळख उघड केली नाही. वाचणाऱ्याला मात्र चार तुकडे जोडायला एक दाढी होईपर्यंतचा वेळ पुरतो. म्हणून तुमची बातमी तुम्ही एकटी तपासून चालत नाही. बाकीच्यांनी काय छापलंय ते बघून आपला कोणता तुकडा गाळायचा हे ठरवावं लागतं. तुमच्या तालुक्यात पाच-सहा वार्ताहर असतील, सगळे एकाच पोलीस ठाण्यात भेटता. अशा प्रकरणात नातं द्यायचं की आरोपीचं नाव, हे आपापसांत बोलून घ्या. स्पर्धा बाकीच्या बातम्यांत करा.

आता कायदा, कारण डेस्कशी बोलताना तो हाताशी लागेल. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या २३व्या कलमात फक्त नाव नाही. पत्ता, फोटो, कुटुंबाचा तपशील, शाळा, राहण्याचा परिसर आणि ओळख पटू शकेल असा ‘इतर कोणताही तपशील’ छापायला मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. सूट द्यायची तर ती विशेष न्यायालयाने, मुलाच्या हिताचं असेल तरच आणि कारणं नोंदवून. आई-वडील ‘छापा’ म्हणाले, एवढ्यावर तुम्हाला छापता येत नाही. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४ याहून व्यापक आहे. पीडित मूल, साक्षीदार मूल, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल, शिवाय ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे असं मूल, या सगळ्यांना ते लागू होतं. तिथे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ११ डिसेंबर २०१८ ला निपुण सक्सेना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ओळख आडवळणानेही उघड होता कामा नये, आणि मूल हयात नसलं तरीही नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, जम्मूतल्या कठुआत अत्याचार करून मारल्या गेलेल्या मुलीची ओळख छापली म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले होते.

डेस्कवरचा माणूस ऐकत नसेल तर त्याला पोक्सोच्या कलम २३ चं तिसरं पोटकलम दाखवा. वार्ताहराच्या चुकीला प्रकाशक किंवा मालकही तितकाच जबाबदार धरला जातो. तालुक्याच्या वार्ताहराचं ‘हे बरोबर नाही’ डेस्कवर ऐकलं जात नाही हे मला माहीत आहे, मीही ते अनुभवलंय. पण ‘मालकांच्या नावाने नोटीस येईल’ हे वाक्य रात्री ११ वाजतासुद्धा ऐकलं जातं.

तुमच्या प्रकरणातला खरा पेच म्हणजे आरोपी चुलता आहे. चुलत्याचं नाव छापलं, तर आडनाव आणि गाव मिळून मुलगी कोण ते कळतं. नाव गाळलं, तर लोक म्हणतात पेपरवाल्यांनी आरोपीला पाठीशी घातलं. इथे सरसकट नियम नाही. आरोपी बाहेरचा असेल, उदाहरणार्थ शहरातला क्लासचालक, आणि त्याच्याकडे शंभर मुलं येत असतील, तर त्याचं नाव छापल्याने मुलगी कोण ते कळत नाही. उलट आणखी एखादं मूल बोलू शकतं, म्हणून मी ते छापायच्या बाजूची आहे. आरोपी घरातला असेल तर माझा निर्णय ठरलेला आहे. नावही नाही आणि नेमकं नातंही नाही, ‘ओळखीची व्यक्ती’ एवढंच. ब्रिटनमध्ये संपादकांच्या आचारसंहितेने दुसरी वाट घेतली आहे. तिथे प्रौढ आरोपीचं नाव देता येतं, पण त्याचं मुलाशी नातं सूचित होईल असं काहीही लिहायचं नाही. मोठ्या शहरात ती वाट चालेल. दोन हजार वस्तीच्या गावात आडनावच नातं सांगतं. ‘पाठीशी घातलं’ हा आरोप सोसावा लागला तर सोसा. आरोपीचं नाव पोलिसांकडे आहे, न्यायालयाकडे आहे. ते पेपरात आलं नाही म्हणून खटला दुबळा होत नाही.

गाव द्यायचं का, तेही परिस्थितीवर आहे. लातूर किंवा नाशिक शहर म्हणून काही बिघडत नाही. वाडी, तांडा, पाडा असेल तर फक्त तालुका द्या. तालुकाच लहान असेल तर जिल्ह्यावर थांबा. वय नेमकं देण्यापेक्षा ‘१० वर्षांखालील’ म्हणा. आणि ‘नाव बदलले आहे’ असं लिहून कल्पित नाव देणार असाल तर एवढं बघा, की त्या नावातूनही जात किंवा धर्म वाचला जातो. मी तर नाव देतच नाही. ‘मुलगी’ म्हणून चांगली कॉपी लिहिता येते.

आता शब्द. आपल्या जिल्हा पानांवर या बातम्यांची एक ठरीव भाषा तयार झालेली आहे. माणुसकीला काळिमा, नात्याला काळिमा, नराधम, वासनांध, चिमुकली, लचके तोडले. मी स्वतः अशी शीर्षकं शेकड्यांनी दिली आहेत. सहा कॉलमी जागेत ती पटकन बसतात आणि आपला राग खरा आहे असंही वाटतं. हळूहळू माझ्या लक्षात आलं की ‘नराधम’ हा शब्द वाचकाची दिशाभूल करतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निम्म्या प्रकरणांत अत्याचार करणारी व्यक्ती मुलाच्या ओळखीची, विश्वासातली होती. पोक्सोच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत ओळखीच्या आरोपींचं प्रमाण तर दरवर्षी ९० टक्क्यांच्या वर असतं. म्हणजे तो शेजारचा काका असतो, रिक्षावाला असतो, गणपतीत वर्गणीला पुढे असणारा, पोरांना खाऊ देणारा माणूस असतो. वाचक मात्र पेपरातला नराधम शोधत बसतो आणि घरात येणाऱ्या माणसाकडे त्याची नजरच जात नाही. मूल काही सांगू लागलं तर आई म्हणते, ‘असं कसं, ते तसे नाहीत.’ त्या आईच्या डोक्यात नराधमाचं चित्र भरण्यात आपला हात आहे, असं मला मनापासून वाटतं. म्हणून ‘आरोपी’ लिहा. दोष सिद्ध होण्याआधी तोच शब्द बरोबर आहे आणि नंतर ‘दोषी’ म्हणता येतं.

‘अतिप्रसंग’, ‘कुकर्म’, ‘चाळे’ हे झाकपाक करणारे शब्दही टाळा. ‘लैंगिक अत्याचार’ हे नाव पुरेसं आहे. त्यापुढे शरीराचा तपशील एका ओळीनेही नको. फिर्यादीत तो असतो, कारण न्यायालयाला लागतो. वाचकाला लागत नाही. मुलग्यांच्या बाबतीत तर आपली भाषा साफ गडबडते. त्याच २००७ च्या अभ्यासात लैंगिक अत्याचार सांगणाऱ्या मुलांत ५२.९४ टक्के मुलगे होते. पोक्सोत मुलगा-मुलगी असा भेद नाही. आपल्या पानांवर मात्र मुलग्याची बातमी ‘रॅगिंग’ किंवा ‘विकृत प्रकार’ या नावाखाली येते, नाहीतर येतच नाही.

मग डेस्कला तपशील कुठून द्यायचे? मुलीचे नव्हे, तिच्याभोवतीच्या यंत्रणेचे. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून इथे जरा सविस्तर सांगते. मुलीने कुणालातरी सांगितल्यापासून गुन्हा दाखल होईपर्यंत किती तास गेले? जबाब तिच्या घरी घेतला की ठाण्यात? पोक्सोच्या कलम २४ प्रमाणे तो मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशात नसताना घ्यायचा असतो. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरने करायची असते. तुमच्या ग्रामीण रुग्णालयात महिला डॉक्टर आहे का, की त्या पोरीला रात्री ८० किलोमीटर लांब जिल्ह्याला न्यावं लागलं? शाळेला आधी काही कळलं होतं का? कळून कळवलं नसेल तर कलम २१ खाली तोही गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीबाबतचा गुन्हा कळवला नसेल तर त्याला एक वर्षापर्यंत कैद. बदलापूरच्या शाळेत मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणात ऑगस्ट २०२४ मध्ये लोक रेल्वे रुळांवर उतरले, त्या संतापात गुन्हा नोंदवायला झालेल्या दिरंगाईचा मोठा वाटा होता. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तेव्हाही पोलिसांनी आणि शाळेने वेळेवर काय केलं नाही, यावरच बोट ठेवलं. अशा बातमीत चारही कॉलम भरतात आणि मुलगी त्यात कुठेच दिसत नाही.

तुमची कॉपी साधारण अशी दिसेल, पुढचे तपशील तुमच्या माहितीप्रमाणे बदला: ‘बालिकेवरील लैंगिक अत्याचारप्रकरणी पोलिसांनी तिच्या ओळखीच्या एका व्यक्तीला पोक्सो कायद्याखाली अटक केली आहे. कुटुंबाने सकाळी पोलीस ठाणे गाठले. गुन्हा रात्री उशिरा दाखल झाला. तालुक्याच्या रुग्णालयात महिला डॉक्टरचे पद रिक्त असल्याने तपासणी दुसऱ्या दिवशी जिल्हा रुग्णालयात झाली. हे पद कधी भरणार, याचे उत्तर आरोग्य विभागाकडून मिळू शकले नाही.’ डेस्कला बातमीची ही सुरुवात सपक वाटेल. पण पुढच्या आठवड्यात त्या रिक्त पदाविषयी कुणीतरी विचारेल.

आणि पाठपुरावा करा. आपण अटक छापतो आणि विसरतो. डायरीत तारखा लिहून ठेवा. न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष नोंदवायची आणि शक्यतो एका वर्षात खटला संपवायचा, असं पोक्सोचं कलम ३५ म्हणतं. कामकाज बंद दाराआड चालतं, तुम्हाला आत जाता येणार नाही, पण तारखा का पडताहेत हे सरकारी वकिलांना विचारता येतं. पीडितांना आर्थिक मदत देणारी राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. अर्ज गेला का, पैसे मिळाले का, हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारता येतं. निकाल लागला, मग तो निर्दोष सुटल्याचा का असेना, तर अटकेच्या बातमीइतक्याच जागेत छापायचा आग्रह धरा.

मुलीशी बोलायला जाऊ नका. तुम्ही कितीही हळुवारपणे विचारलंत तरी नाही. एक कारण उघड आहे, तिला ते पुन्हा सांगावं लागतं. दुसरं कारण वार्ताहरांना सहसा कुणी सांगत नाही. तिचा जबाब पोलिसांकडे होतो, दंडाधिकाऱ्यांसमोर होतो, मग न्यायालयात साक्ष होते. नऊ वर्षांचं मूल तीच गोष्ट दर वेळी त्याच शब्दांत सांगत नाही. तुमच्या व्हिडिओतलं तिचं एखादं वेगळं वाक्य आरोपीच्या वकिलाच्या हाती लागलं, तर उलटतपासणीत ते तिच्याविरुद्ध वापरलं जाईल. आईशी बोला, तेही तिची तयारी असेल तर, आणि कॅमेरा पिशवीतच राहू दे.

फोटोचं थोडक्यात. चेहरा धूसर केला म्हणजे काम झालं असं नाही. गणवेशाचा रंग, घराचं दार, अंगणातलं तुळशीवृंदावन, आईची साडी यावरून गाव ओळखतं. गुडघ्यात तोंड खुपसून बसलेल्या मुलीचं ते नेहमीचं रेखाचित्रही मी डेस्कवर बंद करून घेतलं, कारण शरम तिने बाळगायची आहे असं ते चित्र सांगतं. शिवाय पूर्वी पेपर रद्दीत जायचा, आता ई-पेपर आणि वेबसाइटवर बातमी वर्षानुवर्षं राहते. लिंकमध्ये आणि टॅगमध्ये गावाचं नाव पडलंय का ते बघा. फेसबुकवर बातमी टाकली की खाली कुणीतरी मुलीचं नाव लिहितोच. अशा बातमीखालच्या प्रतिक्रिया सुरुवातीलाच बंद ठेवायला सांगा.

इथवर पहिल्या प्रश्नाचं झालं. गाव-शाळा-नातं गाळा, यंत्रणेचा तपशील वाढवा, मुलीशी बोलायला जाऊ नका, तारखा धरून ठेवा.

दुसऱ्या प्रश्नातला, बांधून ठेवलेला मुलगा मला जास्त अस्वस्थ करतो, कारण आबाळ ही बातमी आहे असं आपल्याला शिकवलेलंच नाही. मारहाण, अत्याचार यांना तारीख असते, वेळ असते, गुन्हा क्रमांक असतो. उपासमार आणि हेळसांड दिवसेंदिवस चालते, तिला तारीखच नसते. मग ती पेपरात येते ती मूल दगावल्यावर. आणि येते तेव्हा समोर एकच माणूस उभा करतो, बहुतेक वेळा बाई. उकिरड्यावर अर्भक सापडलं की ‘निर्दयी मातेने’ हे शीर्षक जणू जुळवून ठेवलेलंच असतं. त्या अर्भकाचा बाप आपण कधी शोधलेला नाही. बाळ सांभाळता येत नसेल तर ते बालकल्याण समितीकडे कायदेशीरपणे सोपवता येतं आणि फेरविचाराला दोन महिने मिळतात, ही बाल न्याय कायद्यातली सोय तरी आपण त्या बातमीत किती वेळा सांगितली?

तुमच्या प्रकरणात ती म्हातारी नातवाला का बांधते, हे आधी समजून घ्या. मी ऊसतोडीच्या पट्ट्यात असे प्रकार पाहिले आहेत. आजीला धड चालता येत नाही, पोर विहिरीकडे पळतं, म्हणून ती दावं लावते. त्याने मुलाचे हाल कमी होत नाहीत, ते हालच आहेत. पण ‘क्रूर आजी’ असं शीर्षक देऊन तुम्ही फक्त तिला पारावर उभं कराल. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात, तेव्हा मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय असायला हवी. तुमच्या गावात या वर्षी ते मंजूर झालं का, कधी सुरू झालं, किती मुलं जेवतात? मुलगा शाळेच्या पटावर आहे का, आणि तो महिनोन् महिने येत नाही हे मास्तरांनी कुणाला कळवलं? अंगणवाडी सेविकेला माहीत होतं का? गावात बाल संरक्षण समिती कागदावर असेलच, तिची शेवटची बैठक कधी झाली?

या कामाला मुलाचा चेहरा लागत नाही. शीला बारसे या मुंबईच्या पत्रकार. देशभरातल्या तुरुंगांत १६ वर्षांखालची मुलं डांबलेली आहेत, म्हणून त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९८६ मध्ये न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांना तुरुंगांची पाहणी करायला लावली आणि मुलांना तुरुंगात ठेवू नये असं सांगितलं. त्या लढाईत कुण्या एका मुलाचं रडवेलं छायाचित्र पुढे केलेलं नव्हतं. कोणत्या तुरुंगात किती मुलं आहेत, बालन्यायालयं कुठे आहेत, सुधारगृहं कुठे नाहीत, असे प्रश्न होते. तुमच्या तालुक्यापुरते तेच प्रश्न तुम्ही विचारू शकता.

पण हे सगळं नंतरचं. तुमच्याकडे व्हिडिओ आहे याचा अर्थ मूल अडचणीत असल्याचं तुम्हाला कळलं आहे, आणि बातमी होईपर्यंत त्याला तसं ठेवणं कुठल्याच हिशेबात बसत नाही. लैंगिक अत्याचाराचा संशय असता तर पोलिसांना कळवणं पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे तुमच्यावर बंधनकारकच होतं, पत्रकार म्हणून सूट नाही. इथे १०९८ वर फोन करा. मुंबईत १९९६ मध्ये सुरू झालेली ही बालकांची हेल्पलाइन आता ११२ शी जोडलेली आहे. सोबत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला आणि बालकल्याण समितीला लेखी कळवा, तारीख-वेळ टाकून, आणि प्रत जवळ ठेवा. समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. मुलाला कुठे ठेवायचं, आई-वडिलांना बोलवायचं का, आजीला काय मदत करायची, हे तिने ठरवायचं आहे, तुम्ही-आम्ही नाही.

व्हिडिओ डेस्कला पाठवू नका, ग्रुपवर तर मुळीच नाही. अधिकाऱ्यांना दाखवा आणि तुमच्याकडे तो कुणी पाठवला त्यालाही पुढे पाठवणं थांबवायला सांगा. दोन दिवसांनी पुन्हा त्या वस्तीवर जा. मुलगा कुठे आहे, जेवतो का, तुमच्या पत्राला उत्तर आलं का, ते स्वतः बघा आणि मग लिहायला बसा. लिहिलेली कॉपी पाठवण्याआधी दाखवायची असेल तर गाव आणि नावं खोडून पाठवा, मी त्याच दिवशी वाचेन.